पीक कापणी प्रयोग, पर्जन्यमापक आणि प्रतिमान : गंगाखेड तालुक्याच्या संदर्भात मोजमाप-पद्धतींची चिकित्सा

प्रस्तावना

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड तालुक्याच्या नकाशावर उत्तरेकडून दक्षिणेकडे एक रेघ ओढली, तर ती गोदाकाठच्या खोल काळ्या जमिनीतून निघून बालाघाटाच्या उथळ, मुरमाड माथ्यावर जाऊन पोहोचते. या एका रेघेवर एकाच हंगामात सोयाबीनची दोन वेगवेगळी पिके उभी असतात. पावसात मोठा खंड पडला की माथ्यावरचे पीक आधी करपते आणि काठावरचे काळ्या जमिनीच्या ओलीवर तग धरते. पाऊस अतोनात झाला की चित्र उलटते : सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली आणि गोदावरीला पूर आला, त्या वेळी नदीकाठची शेते पाण्याखाली राहिली, निचऱ्याच्या हलक्या जमिनीवर नुकसानीचे स्वरूप निराळे होते. अशा भूभागाचे ‘सरासरी उत्पन्न’ म्हणून जो एक आकडा निघतो तो नेमका कोणाचा, हा प्रश्न शेतकरी दरवर्षी विचारतो. शास्त्रीय भाषेत तो क्वचितच विचारला जातो.

प्रस्तुत लेखात या आकड्यामागील मोजमाप-पद्धतींची, आणि अलीकडे त्यांच्या जागी येऊ पाहणाऱ्या संगणकीय प्रतिमानांची म्हणजे मॉडेलांची चिकित्सा केली आहे. पीक कापणी प्रयोग हा संख्याशास्त्राचा विषय, पर्जन्यमापन भौतिकशास्त्राचा, भूजल भूगर्भशास्त्राचा आणि पोषणाचे निकष अर्थशास्त्र व शरीरक्रियाशास्त्राचे, अशी विभागणी महाविद्यालयीन अभ्यासक्रमांत रूढ आहे. तथापि या चारही क्षेत्रांत विश्वासार्हतेचा प्रश्न एकच आहे. ज्या घटकावर मोजमाप होते तो घटक आणि ज्या घटकाविषयी निर्णय घेतला जातो तो घटक, यांत अंतर किती आहे? हे अंतर उपकरणाच्या सूक्ष्मतेने भरून निघत नाही, आणि प्रतिमानाने तर ते बहुधा झाकलेच जाते.

आणेवारी ते पैसेवारी

मराठी मुलखात पिकाच्या मोजमापाची सर्वांत परिचित भाषा आणेवारीची होय. सोळा आणे म्हणजे पुरे पीक, आणि जे आले ते त्याच्या तुलनेत किती आणे, असा हा हिशेब होता. दशमान नाणेपद्धती आल्यानंतर तिची पैसेवारी झाली, आणि पन्नास पैशांहून कमी पैसेवारी असलेले गाव टंचाईसदृश मानण्याचा प्रघात पडला. नजर पैसेवारी, सुधारित पैसेवारी आणि अंतिम पैसेवारी हे तिचे टप्पे वृत्तपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहेत.

पैसेवारीवर नेहमी आक्षेप घेतला जातो तो ‘नजर’ या शब्दावर. डोळ्यांनी केलेला अंदाज म्हणून ती अशास्त्रीय, असे म्हटले जाते. वस्तुतः तिचा मोठा दोष अंशात नाही, छेदात आहे. पैसेवारी हे गुणोत्तर आहे, आणि ज्या ‘प्रमाण’ उत्पन्नाने भाग द्यायचा ते उत्पन्नच विवादास्पद असते. सलग दुष्काळाच्या वर्षांवरून छेद काढला तर तो लहान होतो, आणि आजचे तुटपुंजे पीकही समाधानकारक दिसू लागते. नव्या वाणांमुळे उत्पादकता वाढली असताना छेद जुनाच ठेवला, तरी परिणाम तोच. याउलट अनुभवी तलाठ्याची आणि गावातल्या जाणत्या शेतकऱ्याची नजर अनेकदा वाटते तितकी वाईट नसते. तिची त्रुटी किती, हे कोणी पद्धतशीरपणे तपासत नाही, हीच खरी अडचण आहे.

मे २०१६ मध्ये स्वराज अभियानाच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने दुष्काळ ठरविण्याच्या पद्धतीत एकसूत्रता आणण्याचे आणि केंद्राची दुष्काळ व्यवस्थापन संहिता सुधारण्याचे निर्देश दिले. डिसेंबर २०१६ च्या सुधारित संहितेने पर्जन्यमान, पेरणीचे क्षेत्र, उपग्रहावरून काढलेले वनस्पती निर्देशांक, मृदेतील ओलावा आणि जलसाठे असे निर्देशक पुढे आणले. महाराष्ट्राने ते स्वीकारले आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. नजरेच्या जागी निर्देशांक आले खरे. परंतु निर्णयाचा घटक तालुकाच राहिला. गंगाखेडसारख्या तालुक्यात काठ आणि माथा यांची सरासरी घेऊन जो निर्देशांक निघतो, तो दशांश चिन्हाच्या पुढे तीन स्थळांपर्यंत अचूक लिहिता येतो आणि तरीही दोन्ही ठिकाणच्या शेतकऱ्यांविषयी चुकीचे बोलू शकतो.

सुखात्मे-महालनोबिस वाद आणि त्याचा आजचा अर्थ

पीक कापणी प्रयोगांचा इतिहास मराठी अध्यापकांना विशेष जवळचा वाटावा असा आहे. जे. ए. हबॅक यांनी १९२० च्या दशकात बिहार-ओरिसात भातपिकावर यादृच्छिक नमुन्याने कापणी करून पाहिली. पुढे बंगालमध्ये प्रा. प्र. चं. महालनोबिस यांनी तागाच्या व भाताच्या पाहण्यांतून हे तंत्र विस्तारले. त्याच दशकांत सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे (१९११-१९९७) आणि कापसाच्या संशोधनातून संख्याशास्त्राकडे वळलेले डॉ. वि. गो. पानसे (१९०६-१९६९) यांनी कृषी संशोधन परिषदेच्या माध्यमातून देशव्यापी पद्धत घडविली. या दोघांनी मिळून लिहिलेला आणि १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेला कृषिसंशोधकांसाठीच्या संख्याशास्त्रीय पद्धतींवरील ग्रंथ कृषी महाविद्यालयांत पिढ्यानपिढ्या वापरला गेला.

सुखात्मे आणि महालनोबिस यांच्यातील वाद वरवर पाहता किरकोळ वाटतो. कापणीचा तुकडा केवढा असावा, एवढाच प्रश्न होता. महालनोबिस सुमारे चार फूट त्रिज्येच्या लहान वर्तुळांचे पुरस्कर्ते होते. लहान तुकडा लवकर कापून होतो, त्यामुळे तेवढ्याच खर्चात कितीतरी अधिक ठिकाणी जाता येते आणि प्रमाण त्रुटी कमी होते, हा त्यांचा युक्तिवाद होता. सुखात्मे यांनी १९४६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या टिपणात लहान तुकड्यांमुळे उत्पन्न पद्धतशीरपणे फुगते, असे दाखविले. हद्दीवरचे ताट आत धरायचे की बाहेर, असा संशय आला की कापणाऱ्याचा हात आतल्या बाजूला झुकतो. तुकडा जितका लहान, तितकी क्षेत्रफळाच्या मानाने हद्द अधिक, आणि म्हणून ही अभिनतीही अधिक.

साध्या भूमितीने हे वर्गात पडताळता येते. समजा, कापणारा सर्व बाजूंनी पाच सेंटिमीटर जास्त घेतो. चार फूट, म्हणजे १.२२ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात त्यामुळे क्षेत्र ८.४ टक्क्यांनी वाढते. आज अनेक पिकांसाठी प्रचलित असलेल्या १० मीटर लांब व ५ मीटर रुंद तुकड्यात तीच चूक ३ टक्के भरते. चूक करणारा हात तोच आहे. मोजमापाची रचना बदलली आणि चुकीचा परिणाम जवळजवळ तिपटीने उतरला. यात एक मूलभूत भेद दडलेला आहे. यादृच्छिक त्रुटी नमुन्यांची संख्या वाढविली की घटते, अभिनती मात्र घटत नाही. हजार वर्तुळे कापली तरी ८.४ टक्के ते ८.४ टक्केच राहतात. उलट प्रमाण त्रुटी लहान झाल्यामुळे चुकीच्या आकड्यावरचा विश्वास तेवढा वाढतो.

महालनोबिस यांचे उत्तरही तितकेच महत्त्वाचे होते आणि पाठ्यपुस्तकांत ते बहुधा गळते. त्यांच्या मते हा दोष तुकड्याचा नाही, कापणाऱ्याच्या प्रशिक्षणाचा आहे; स्वतंत्र व प्रशिक्षित कर्मचारीवर्ग असेल तर लहान तुकडाही चालतो. सुखात्मे यांना मात्र महसूल आणि कृषी खात्याच्या नेहमीच्या कर्मचाऱ्यांकडूनच काम करून घ्यायचे होते, आणि म्हणून ढिलाई सोसू शकेल असा मोठा तुकडा त्यांनी निवडला. थोडक्यात, वाद गणिताचा नव्हताच. मोजणारा कोण, त्याच्यावर किती भार आहे, हा प्रश्न होता. सुखात्मे यांची पद्धत देशाने स्वीकारली ती या व्यवहारज्ञानामुळे. महालनोबिस यांची दुसरी एक कल्पना मात्र शेतापर्यंत टिकली नाही, आणि तिचा विसर महागात पडला आहे. एकाच क्षेत्रात दोन स्वतंत्र पथकांनी दोन स्वतंत्र उपनमुने घ्यायचे आणि निष्कर्ष शेजारी शेजारी मांडायचे, अशी ती परस्परगुंफित उपनमुन्यांची पद्धत होय. दोन पथकांचे आकडे जुळले नाहीत, तर त्या तफावतीतूनच मोजणाऱ्यांची त्रुटी किती हे कळते. त्यासाठी कोणावर आरोप करावा लागत नाही.

दहा प्रयोगांचा भार

प्रा. वि. म. दांडेकर यांनी १९७६ मध्ये पीकविम्यासाठी क्षेत्राधारित दृष्टिकोन मांडला. प्रत्येक शेतकऱ्याच्या नुकसानीची स्वतंत्र मोजणी अशक्य आहे, म्हणून समान परिस्थितीच्या क्षेत्राचे सरासरी उत्पन्न मोजावे आणि ते घटले तर त्या क्षेत्रातील सर्व विमाधारकांना समान दराने भरपाई द्यावी, असा त्याचा गाभा होता. १९७९ ची प्रायोगिक योजना, १९८५ ची सर्वंकष योजना, १९९९-२००० च्या रब्बीपासूनची राष्ट्रीय कृषी विमा योजना आणि २०१६ च्या खरिपापासूनची प्रधानमंत्री पीक विमा योजना या सर्व त्याच वाटेने आल्या. महाराष्ट्रात २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात विमा सुरू झाला आणि २०२५ मध्ये तो बंद करून भरपाई पीक कापणीवर आधारित उत्पन्नाशी जोडण्यात आली. स्थानिक आपत्तीची स्वतंत्र भरपाई वगळली गेल्यावर कापणी प्रयोगाचे वजन अर्थातच वाढले. ज्या वर्षी पुराने काठ धुऊन नेला, त्याच वर्षी हा बदल झाला, ही गोष्ट मराठवाड्यात विसरली जाण्यासारखी नाही.

मंडळ हा विमाघटक असेल तर एका पिकासाठी किमान दहा कापणी प्रयोग अपेक्षित असतात, तालुका असेल तर सोळा. दहा हा आकडा पुरेसा आहे काय? येथे केवळ दिग्दर्शनासाठी एक उदाहरण घेता येईल. शेताशेतांतील उत्पन्नाचा विचलन गुणांक ३० टक्के मानला, तर दहा प्रयोगांच्या सरासरीची प्रमाण त्रुटी सुमारे ९.५ टक्के येते. एखाद्या मंडळाचे सोयाबीनचे आधारभूत सरासरी उत्पन्न हेक्टरी १० क्विंटल आहे आणि जोखीमस्तर ७० टक्के आहे असे समजू. म्हणजे उंबरठा ७ क्विंटलांचा. मंडळाचे खरे उत्पन्न ६.५ क्विंटल आले. भरपाई देय आहे. परंतु दहा प्रयोगांतून निघणारी सरासरी ७ क्विंटलांच्या वर जाण्याची शक्यता सुमारे २१ टक्के उरते. पाच मंडळांपैकी एका मंडळातील हजारो शेतकऱ्यांना, कोणीही लबाडी केलेली नसताना, केवळ नमुना लहान म्हणून शून्य भरपाई मिळेल. त्यात वर सांगितलेली हद्दीची ३ टक्के अभिनती मिळविली, तर हीच शक्यता ३२ टक्क्यांवर जाते. पाचातून एकाऐवजी तिनातून एक. आणि दहा प्रयोग पाच गावांत प्रत्येकी दोन असे विभागलेले असले, तर एका गावची दोन शेते एकमेकांसारखी असल्याने प्रत्यक्ष माहिती दहाहून कमीच मिळते. अर्थात ही त्रुटी दुसऱ्या बाजूनेही चालते, आणि भरपाई देय नसलेल्या एखाद्या मंडळाला ती मिळूनही जाते. पण म्हणून पद्धत न्याय्य ठरत नाही.

ओलाव्याचा मुद्दा तर याहून साधा आणि याहून मोठा आहे. सोयाबीनची मळणी परतीच्या पावसात होते. १८ टक्के ओलावा असलेले दाणे तोलले आणि १२ टक्क्यांची सुधारणा केली नाही, तर उत्पन्न ७ टक्क्यांहून अधिक फुगते. सुकवणीची तरतूद पद्धतीत आहे. ती किती ठिकाणी काटेकोरपणे पाळली जाते, यावर निकाल ठरतो. ५० चौरस मीटरचा तुकडा म्हणजे हेक्टरचा दोनशेवा भाग, त्यामुळे तराजूवरची १०० ग्रॅमची चूक अहवालात हेक्टरी २० किलो होऊन उतरते. शिवाय यादृच्छिक अंकांनी ठरलेला कोपरा नेमका पीक नसलेल्या पट्ट्यात पडला, की दोन पावले सरकण्याचा मोह होतो. गावकऱ्यांचा ओढा एका दिशेला असतो, विमा कंपनीच्या प्रतिनिधीचा दुसऱ्या. भ्रमणध्वनीवरील उपयोजनाने आता ठिकाण, वेळ आणि छायाचित्र नोंदले जाते, ही सुधारणा स्वागतार्ह आहे. मात्र ते उपयोजन प्रयोग कोठे व केव्हा झाला एवढेच सांगते. दोरी किती ताणली होती, हे त्याला माहीत नसते.

दांडेकर यांच्या मांडणीतील कळीचा शब्द ‘समान परिस्थितीचे क्षेत्र’ हा होता. समानता ही गृहीत धरायची बाब नसून मोजायची बाब आहे. महसूल मंडळांच्या हद्दी सारा वसुलीच्या व प्रशासनाच्या सोयीने आखल्या गेल्या; माती, उतार आणि पाणी यांचा त्यात विचार नव्हता. एकाच विमाघटकातील शेतांची उत्पन्ने वर्षानुवर्षे एकत्र वरखाली होतात काय, हे मागील प्रयोगांच्या नोंदींवरून तपासता येते. काठ आणि माथा यांच्यासारखी दोन क्षेत्रे परस्परविरुद्ध दिशेने हलत असतील, तर त्यांची सरासरी जवळजवळ स्थिर राहते. विमा मात्र सरासरी हलल्यावरच जागा होतो.

गटाची सरासरी आणि एकटी व्यक्ती

या प्रश्नाचे एक जुने प्रतिबिंब पोषणाच्या क्षेत्रात पाहावयास मिळते, आणि योगायोगाने तेथेही हीच दोन मराठी नावे समोरासमोर येतात. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दरडोई दररोज २२५० उष्मांकांच्या आधारे दारिद्र्याची सीमा काढली. अन्न व कृषी संघटनेतील सांख्यिकी विभागाच्या संचालकपदावरून निवृत्त होऊन पुण्यात परतलेल्या सुखात्मे यांनी या प्रकारच्या मोजमापावर आक्षेप घेतला. सरासरी गरज ही गटाची असते. सुदृढ माणसांचा आहारही माणसागणिक आणि दिवसागणिक बदलतो. म्हणून सरासरीखाली असलेली प्रत्येक व्यक्ती कुपोषित मानली, तर धडधाकट समाजातही निम्मी माणसे कुपोषित ठरतील. दांडेकर यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी याचा कठोर प्रतिवाद केला. शरीर कमी अन्नाशी जुळवून घेते असे म्हणत खालची सीमा स्वीकारली, तर भूक कागदावरून नाहीशी होईल, अशी त्यांच्या बाजूची भीती होती.

येथे न्यायनिवाडा करण्याचे कारण नाही. तथापि लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, सुखात्मे संख्याशास्त्रज्ञ म्हणून बरोबर असतानाही त्यांच्या मांडणीचा उपयोग कशासाठी होईल, हा दांडेकरांचा प्रश्न गैरलागू ठरत नाही. मोजमाप ज्या क्षणी वाटपाचा आधार बनते, त्या क्षणी त्याच्या दोन प्रकारच्या चुकांची किंमत सारखी राहत नाही. उपाशी माणसाला पोटभर जेवलेला समजणे आणि जेवलेल्याला उपाशी समजणे, यांतील कोणती चूक अधिक सोसवेल हे गणित सांगत नाही. पीकविम्याच्या उंबरठ्यावरही नेमके हेच घडते.

पाऊस आणि पाणी

राज्यात महावेध प्रकल्पांतर्गत दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली, ही गेल्या दशकातील मोठी उपलब्धी होय. तालुक्याच्या एका पर्जन्यमापकावर विसंबण्याचे दिवस त्यामुळे मागे पडले. तरीही प्रमाण लक्षात घ्यावे. प्रमाणित पर्जन्यमापकाचे तोंड २०० चौरस सेंटिमीटरचे असते. मंडळ जेमतेम १०० चौरस किलोमीटरचे धरले तरी हा नमुना पाच अब्जांत एक इतका होतो. पावसाळ्याच्या आरंभी आणि शेवटी मराठवाड्यात ढग एका शिवारात कोसळतात आणि शेजारचे शिवार कोरडे ठेवतात, हे सर्वज्ञात आहे. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस म्हणजे अतिवृष्टी, असा मदतीचा निकष आहे. उपकरणाची त्रुटी पाच टक्के मानली, तर ६२ आणि ६८ या दोन आकड्यांत विश्वासाने फरक करता येत नाही. शिवाय हिंदकळणाऱ्या पात्राची स्वयंचलित मापके अतितीव्र सरींत पाऊस कमी नोंदवितात, म्हणजे नेमकी अतिवृष्टीतच त्यांची अभिनती वाढते. केंद्रालगतच साधे हातमापक ठेवून दोहोंची तुलना करणे हा यावरचा जुना आणि स्वस्त उपाय आहे.

भूजलाच्या अंदाजात हीच गोष्ट वेगळ्या रूपाने येते. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर निरीक्षण विहिरींची पातळी मोजतात, आणि वाढलेल्या पातळीला क्षेत्रफळाने व विशिष्ट जलदेय गुणांकाने गुणून पुनर्भरण काढतात. विहिरीतील पातळी टेपने सेंटिमीटरपर्यंत मोजता येते. गुणांक मात्र झिजलेल्या किंवा सच्छिद्र बेसाल्टसाठी १ ते ३ टक्के अशा पट्ट्यातून, बहुधा २ टक्के म्हणून घेतला जातो. पातळी चार मीटर वाढली असेल तर पुनर्भरण ४० मिलिमीटर की १२० मिलिमीटर, हे या एका गृहीत अंकावर अवलंबून राहते. टेपच्या सेंटिमीटरला त्यात काही अर्थ उरत नाही. परिणामतः पाणलोट ‘सुरक्षित’ की ‘अतिशोषित’, आणि तेथे नवी विहीर मंजूर होणार की नाही, हे मोजलेल्या संख्येपेक्षा मानलेल्या संख्येने ठरू शकते.

प्रतिमानांचा दावा

कापणी प्रयोग सदोष आहेत, म्हणून उपग्रह आणि प्रतिमाने आणावीत, असा सध्याचा युक्तिवाद आहे. २०२३ च्या खरिपापासून भात व गहू यांच्या विमा-उत्पन्नात तंत्रज्ञानाधारित अंदाजाला किमान ३० टक्के वजन देण्यात आले आणि पुढे सोयाबीनही त्यात आले. २०१२ मध्ये दिल्लीत स्थापन झालेले राष्ट्रीय पीक अंदाज केंद्र महालनोबिस यांचेच नाव धारण करते. हे तंत्र नाकारण्याचे कारण नाही. दहा तुकड्यांपेक्षा उपग्रह कितीतरी अधिक जागा पाहतो. दहा मीटरच्या चौकटींत तो काठ आणि माथा वेगळे दाखवू शकतो, आणि विमाघटक नव्याने आखण्यासाठी त्याचा उपयोग मोलाचा ठरेल. आक्षेप त्याच्यावरील आंधळ्या विश्वासाला आहे.

उपग्रहाचा वनस्पती निर्देशांक पानांचा हिरवेपणा मोजतो, दाणे मोजत नाही. शेंगा भरताना पाण्याचा ताण पडला किंवा काढणीला आलेल्या शेंगांना पावसात कोंब फुटले, तर हंगामातील हिरवेपणाचा आलेख चांगला दिसूनही पदरात काही पडत नाही. खरिपात ढगांमुळे प्रकाशीय प्रतिमा मिळत नाहीत, म्हणून रडार प्रतिमांची जोड द्यावी लागते. त्यांचा पीकनिहाय अर्थ लावणे हे स्वतंत्र शास्त्र आहे. पीकवाढीची प्रतिमाने माती, वाण आणि पेरणीची तारीख मागतात, आणि मंडळभर एकच माती मानली की काठ-माथ्याचा जुना प्रश्न मागील दाराने परत येतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठासारख्या संस्थेच्या प्रक्षेत्रावर जुळविलेले गुणांक माथ्यावरच्या हलक्या जमिनीत तसेच्या तसे चालतील, असे गृहीत धरता येत नाही.

सर्वांत गंभीर बाब अशी की, ही प्रतिमाने जुळविली जातात ती कापणी प्रयोगांच्याच आकड्यांवर. ज्या मोजमापावर अविश्वास दाखवून प्रतिमान आणले, तेच मोजमाप प्रतिमानाचा गुरू असते. हद्दीची आणि ओलाव्याची अभिनती प्रतिमान प्रामाणिकपणे शिकते आणि पुढे प्रत्येक चौकटीत वाटते. पडताळणीतही हाच घोळ असतो. एकूण नोंदींतून चिठ्ठ्या टाकून काही बाजूला काढल्या आणि उरलेल्यांवर प्रतिमान जुळविले, तर बाजूला काढलेल्या शेतांचे शेजारी जुळविण्याच्या गटात राहतातच. अशी परीक्षा म्हणजे आदल्या दिवशी सोडवून दिलेलीच गणिते पुन्हा विचारण्यासारखे आहे. संपूर्ण मंडळ किंवा संपूर्ण वर्ष, आणि तेही दुष्काळाचे किंवा पुराचे, बाजूला ठेवून घेतलेली परीक्षाच काही सांगू शकते, कारण विम्याचा प्रश्न उद्भवतो तोच अशा वर्षी. पीएच.डी. प्रबंधांतूनही निर्धारण गुणांक ०.९ च्या वर आल्याचे अभिमानाने लिहिले जाते. नमुना कसा विभागला, हे शोधावे लागते.

महाविद्यालयांपुढील शक्यता

महालनोबिस यांच्या परस्परगुंफित उपनमुन्यांना लागणारे दुसरे पथक ग्रामीण महाविद्यालयांत आयते उपलब्ध आहे. संख्याशास्त्राचे विद्यार्थी शेते निवडू शकतात, वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी कापणी करू शकतात, भौतिकशास्त्राचे तराजू व ओलावामापक तपासू शकतात, आणि भूगोलाचे मृदेनुसार क्षेत्र विभागू शकतात. शासकीय प्रयोग झालेल्या मंडळात, त्याच आठवड्यात, त्याच पद्धतीने दहा स्वतंत्र प्रयोग एवढेच काम आहे. त्याचा उद्देश अधिकृत आकड्याला आव्हान देणे हा नसून दोन पथकांतील तफावत मोजणे हा असावा. ही तफावत दोन टक्के निघाली तर शासकीय यंत्रणेची प्रतिष्ठा वाढेल. पंधरा टक्के निघाली तर विमा कंपनी, शासन आणि शेतकरी या तिघांनाही तेच अधिक उपयोगाचे ठरेल. विद्यार्थ्यांच्या पथकाचीही अभिनती असेल, हे अर्थातच गृहीत धरावे लागेल. तेही शेतकऱ्यांचीच मुले आहेत.

याच्याही आधी करता येण्यासारखी एक गोष्ट आहे, आणि तिला नवा निधी लागत नाही. मंडळनिहाय उत्पन्न जाहीर होते ते हेक्टरी किलोंच्या एका आकड्याच्या रूपात. त्याच्या शेजारी प्रमाण त्रुटी सहसा छापली जात नाही. ती काढण्यास लागणारे दहाही आकडे त्या वेळी तालुक्याच्या कार्यालयात उपलब्ध असतात.